सॉकेटच्या डावीकडे बघा

सिकंदराबादच्या पार्कलेनमधल्या चिनॉय ट्रेड सेंटरला पूर्ण नावाने कोणी ओळखत नाही. हैदराबादकरांचं ते 'सीटीसी'. तिथे गेमिंग पीसी जुळवायला येणाऱ्या पोरांचा खर्चाचा क्रम ठरलेला असतो. आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग काचेचा आणि रंगीबेरंगी दिव्यांचा कॅबिनेट. मदरबोर्ड आणि एसएमपीएसपाशी येईपर्यंत खिशात चिल्लर उरलेली असते आणि ते काउंटरपलीकडच्या माणसाला नेमकं कळतं. "अरे भाई, इसमें सब चलता, टेन्शन नक्को लेओ," म्हणत तो सगळ्यात स्वस्त खोका पुढे सरकवतो. तो खोटं बोलत नाही. सगळं चालतं. कोणत्या महिन्यापर्यंत चालतं, हे विचारायचं राहून जातं.

माझा भाचा अंबरपेठेत राहतो, बाग अंबरपेठेच्या बाजूला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. इंजिनिअरिंगला आहे, शिकवण्या घेऊन पैसे साठवतो, त्यामुळे उधळपट्टी करणारा नाही. त्याने हिशेब असा केला: जुना रायझन ७ २७०० स्वस्तात मिळतोय, त्याला जोड म्हणून बी४५० चिपसेटचा सगळ्यात कमी किमतीचा नवा बोर्ड घ्यायचा आणि ओव्हरक्लॉक करून महागड्या २७००एक्सचा वेग फुकटात काढायचा. मित्राकडून वापरलेला लिक्विड कूलरही मिळाला. सगळे कोअर ४ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज १.४. डिसेंबर-जानेवारीत मशीन सुरेख चाललं. आत्याच्या मुलापासून वर्गातल्या पोरांपर्यंत सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवून झाले.

एप्रिल संपता संपता खेळ मधेच अडकायला लागला. म्हणजे बंद पडायचा नाही; दहा-पंधरा सेकंद एकेक चित्र सरकायचं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरळीत. त्याने ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, रॅमच्या पट्ट्या आलटूनपालटून लावल्या. शेवटी मला फोन. "मामा, प्रोसेसर तर सत्तरच्या आत आहे, मग हे कशाने?"

मी गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पंखा गरम वारा फेकत होता. तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम लावून खेळ सुरू केला. अडकल्या क्षणी तापमानाकडे न बघता वेगाकडे बघितलं: ४००० मेगाहर्ट्झचा आकडा साडेपाचशेच्या आसपास कोसळला होता. प्रोसेसर थंड आणि तरीही वेग एवढा खाली, म्हणजे ब्रेक दुसरंच कोणीतरी दाबत होतं. कॅबिनेटची काच काढली, टेबलफॅन बोर्डाच्या दिशेने लावला. अडकणं थांबलं. खालच्या मजल्यावरच्या एसी दुरुस्तीवाल्याकडे लाल ठिपका मारून तापमान मोजायची बंदूक होती, ती मागून आणली, पंखा बंद केला आणि सॉकेटच्या डाव्या अंगाला असलेल्या काळ्या चपट्या चौकोनांवर ठिपका धरला. आकडा ११० च्या पुढे गेला. त्या चौकोनांवर हीटसिंक म्हणून काहीही नव्हतं.

ते चौकोन म्हणजे मॉसफेट. त्यांच्या शेजारच्या करड्या ठोकळ्यांना चोक म्हणतात, आणि भोवती कपॅसिटरची रांग. या सगळ्या मंडळींचं मिळून नाव व्हीआरएम. एसएमपीएसकडून १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला हवे असतात एक-सव्वा व्होल्ट. वॉट तेवढेच राहून व्होल्ट कमी झाले की अँपिअर वाढतात. प्रोसेसर १३० वॉट खात असेल तर १.३ व्होल्टला १०० अँपिअर झाले. घरातल्या गीझरची वायर १५-१६ अँपिअरची असते, हे लक्षात घेतलं म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या त्या तुकड्यांवर काय बेततं ते कळेल. ते फार तापले की बोर्ड प्रोसेसरला हळू हो म्हणतो. भाच्याच्या पडद्यावर दिसत होतं ते हेच.

आता गंमत लिक्विड कूलरची. कंपनीचा साधा पंखा प्रोसेसरवर वरून खाली वारा मारतो आणि तो वारा आजूबाजूला पसरून व्हीआरएमलाही लागतो. लिक्विड कूलर लावला की पंखे जातात रेडिएटरवर, कॅबिनेटच्या टोकाला, आणि सॉकेटभोवती हवा ठप्प. प्रोसेसरचं तापमान उतरतं, आपण खूश होतो, अजून जागा आहे म्हणून व्होल्टेज चढवतो. त्याच वेळी शेजारी मॉसफेट भाजत असतात, आणि बऱ्याच स्वस्त बोर्डांवर त्यांचं तापमान दाखवणारा सेन्सरच नसतो. भाच्याच्या बोर्डावरही नव्हता. जो आकडा दिसत नाही त्याची काळजी कोण करणार?

दुसरी गोष्ट हवेची. बोर्डांची परीक्षणं बहुतेक एसी खोलीत, २२-२५ अंशांत होतात. त्यात व्हीआरएम ९० अंशांवर दिसलं तर परीक्षक 'ठीक' म्हणतो. मे महिन्यात हैदराबादेत बाहेर ४० च्या वर असतं, गच्चीखालच्या खोलीत ३६-३८ सहज. तो फरक सरळ बेरजेत येतो. परीक्षणातल्या ९० चे तुमच्याकडे १०४. आणि बोर्डावरचे कपॅसिटर सहसा १०५ अंशांच्या रेटिंगचे असतात.

ओव्हरक्लॉकिंगचं गणित कागदावर एकदा तरी मांडून बघावं. प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा ३.६ वरून ४ गिगाहर्ट्झ केलं आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं. वेग वाढला ११ टक्के. वीज वाढली सुमारे ४० टक्के. करंट वाढला २५ टक्के, आणि मॉसफेटच्या रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीच्याही थोडी पुढे. खेळात या ११ टक्क्यांपैकी किती हाती लागतात? ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने चालत असेल तर जवळजवळ काहीच नाही. शिवाय २७०० हा मुळात एखाददुसऱ्या कोअरवर स्वतःहून ४.१ ला जातो. सगळे कोअर ४ वर कायम बांधून टाकले की ती वरची उडी गेली. एका कोअरवर भिस्त असलेले जुने खेळ त्यामुळे उलट किंचित हळू होतात.

मी सेटिंग मूळपदावर आणून दिलं आणि अडकणं गेलं. पुढे मित्रांची कसलीशी ऑनलाइन स्पर्धा होती. त्या संध्याकाळी जुनं प्रोफाइल परत चढवलं गेलं आणि खेळाच्या मध्यावर मशीन विझलं. बटण दाबलं की पंखे एक झटका खाऊन थांबायचे. अशा वेळी एक तपासणी घरच्या घरी करता येते. प्लग काढा, सॉकेटजवळची आठ पिनांची प्रोसेसरची पॉवर केबल उपसा, पुन्हा प्लग लावून बटण दाबा. आता पंखे फिरत राहिले तर प्रोसेसरच्या वीजपुरवठ्यात शॉर्ट आहे. इथे फिरत राहिले. दुरुस्तीवाल्याने मल्टिमीटर लावला तेव्हा एक मॉसफेट आरपार शॉर्ट झालेला निघाला. एसएमपीएसने वेळेवर हात आखडता घेतला म्हणून प्रोसेसर वाचला. तो एसएमपीएस मी हट्टाने चांगला घ्यायला लावला होता, हे सांगायचा मोह आवरत नाही.

स्वस्त चिप ताणून महागडीला हरवायची ही ओढ कुठून आली, तर तिला खरा इतिहास आहे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याची बस ६६ मेगाहर्ट्झची होती. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर ती १०० केली की ३०० चा प्रोसेसर सरळ ४५० वर चालायचा, आणि बऱ्याचदा व्होल्टेज न वाढवता. दीडपट वेग! आमच्या पिढीने त्या कथा ऐकून पेचकस हातात घेतला. पण तेव्हा कंपनी चिपमध्ये भरपूर जागा शिल्लक ठेवून विकत होती. आज ती जागा कंपनीच वापरते: बूस्ट म्हणजे दुसरं काय? २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही वरचे प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही डळमळू लागले, कारण त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. मायक्रोकोडची दुरुस्ती आणि दोन वर्षांची वाढीव वॉरंटी द्यावी लागली. कारखान्यातच माल इतका ताणलेला असताना आपण अजून किती पिळणार?

तरी बोर्ड घ्यायचाच आहे, तर काय बघायचं? चिपसेटचं पटकन सांगतो. एएमडीच्या ए३२०, ए५२० आणि ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी४५०, बी५५०, बी६५० वर होतो. इंटेलमध्ये नावापुढे 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड दोन्ही लागतात. बी६६० किंवा बी७६० वर फक्त रॅमचा वेग वाढवता येतो. म्हणजे बजेटमध्ये इंटेल घेणाऱ्याने हा विषय डोक्यातून काढलेलाच बरा.

परवानगी असणं आणि ताकद असणं यांत मात्र अंतर आहे. भाच्याच्या बोर्डाला परवानगी होती. म्हणून खोक्यावरच्या ड्रॅगनकडे न बघता सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला बघा. धातूचा हीटसिंक आहे का, तो स्क्रूने घट्ट बसलाय का, की नुसतं शोभेचं प्लास्टिक आहे? करडे चोक मोजा, पण त्या आकड्यावर भाळू नका. एकाच फेजला, म्हणजे व्हीआरएमच्या एका कप्प्याला, दोन-दोन चोक लावून आठ फेजची जाहिरात करता येते. प्रोसेसरची पॉवर चार पिनांची असेल तर तो बोर्ड आठ कोअरसाठी नाही, विषय संपला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'रेव्ह' म्हणून आकडा छापलेला असतो, तोही बघा. एकाच नावाच्या बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीत मॉसफेट बदललेले असू शकतात आणि तुम्ही वाचलेलं परीक्षण पहिल्या आवृत्तीचं असतं. दुकानदार खोकं उघडून दाखवायला कुरकुरला तर दुसरं दुकान शेजारीच आहे. सीटीसीत दुकानांना तोटा नाही. इंटेलच्या आणि एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात, तेव्हा पैसे देण्याआधी झाकण उचलून त्या सरळ आहेत ना हे तिथेच बघून घ्यायचं. वाकलेल्या पिनांना वॉरंटी मिळत नाही.

फुकटचा वेग जिथे खरोखर मिळतो, तिथे मात्र कोणी जात नाही. ३२०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारं सेटिंग) चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २४०० वर रांगत असते. मी ज्यांच्याकडे बघतो त्यांच्यापैकी कितीतरी जणांची तशीच. ते चालू करून मेमटेस्ट८६ रात्रभर फिरवा, कारण डळमळीत रॅम मशीन बंद पाडतेच असं नाही, कधी गुपचूप फायली नासवते, आणि नासतो तो नेमका सबमिशनचा प्रोजेक्ट. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर बायोसच्या मूळ पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, व्होल्टेजला हात न लावता वेग ५० मेगाहर्ट्झने चढवत जा, आणि पहिल्या दोन पिढ्यांच्या रायझनवर रोजच्या वापरासाठी मी तरी १.३५ व्होल्टच्या पुढे जाऊ देणार नाही. 'ऑटो' व्होल्टेजवर विसंबू नका, काही बोर्ड घाबरून नको इतकं देतात. मशीन सुरूच झालं नाही तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ बाहेर ठेवा, सेटिंग पुसलं जातं. आणि कसोटी घ्यायची ती मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद ठेवून. डिसेंबरच्या रात्री पास झालेलं मशीन पास झालेलं नसतं.

भाच्याच्या मशीनचा निकाल असा लागला. हीटसिंक असलेला मधल्या किमतीचा बी४५० बोर्ड घेतला. लिक्विड कूलर आणि २७०० दोन्ही विकले, थोडी भर घालून रायझन ५ ५६०० आणला. कोअर आठाचे सहा झाले म्हणून तो आधी हिरमुसला होता. पण हा प्रोसेसर ७६ वॉटच्या वर सहसा जात नाही, कंपनीच्या साध्या पंख्यावर भागतं आणि खेळांत तो कसाही ताणलेल्या २७०० ला मागे टाकतो. ओव्हरक्लॉकसाठी राखलेले पैसे पुढच्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये घालावेत, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

फक्त एक अडचण. जुना बायोस असलेल्या बी४५० बोर्डाला ५६०० ओळखता येत नाही, आधी बायोस नवा करावा लागतो, आणि तो करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून जुना प्रोसेसर विकण्याआधी तो बोर्डावर बसवूनच हे काम उरका, किंवा प्रोसेसरशिवाय बायोस चढवणारं फ्लॅशबॅकचं बटण मागे असलेला बोर्ड घ्या. यूपीएस शेजाऱ्याकडून मागून आणा, आणि वळवाचे ढग आलेले दिसले तर दुसऱ्या दिवशी सकाळी करा.