वाळवंटातील पाण्याचा पहारेकरी

(किल्ला म्हटला की आपल्याला लढाई आठवते. या पाठातील किल्ला मात्र यात्रेकरूंचे पाणी राखण्यासाठी बांधला होता.)

पूर्वी सीरियातील दमास्कस शहरातून दर वर्षी हजचा मोठा काफिला निघत असे. मक्केला पोहोचायला सुमारे ४० दिवस लागत. वाटेत वाळवंट होते. हजारो माणसे आणि उंट यांना पाणी कोठून मिळणार?

यासाठी उस्मानी सुलतान सुलेमान याच्या काळात या मार्गावर किल्ले उभे राहिले. त्यांपैकी एक म्हणजे अल कतराना. तो १५५९ साली बांधला गेला. आजच्या जॉर्डन देशात, अम्मानच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर तो आहे.

हा किल्ला लहानसा, दगडी आणि दुमजली आहे. त्याला एकच दरवाजा आहे. तटात अरुंद जंग्या आहेत. शेजारी भला मोठा दगडी हौद आहे. हिवाळ्यात पाऊस पडला की ओढ्याला पूर येई. ते पाणी आधी लहान हौदात साठवत. तेथे गाळ खाली बसला की पाणी मोठ्या हौदात जाई. काफिला येईपर्यंत किल्ल्यातील शिपाई ते राखत. एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता!

पण केवळ तटाने वाट सुरक्षित होत नसे. वाळवंटातील बदाऊ टोळ्यांना सरकार दर वर्षी रक्कम देई. ती थकली की लूटमार होई. १७५७ साली हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंसाठी दमास्कसहून अन्न घेऊन एक तुकडी निघाली होती. बनी सख्र टोळीने तिला अल कतराना येथेच लुटले. पुढे मुख्य काफिल्यावरही हल्ला झाला. हजारो यात्रेकरू मारले गेले किंवा भुकेने व तहानेने मेले. त्याआधीच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला होता. टोळ्याही त्यात होरपळल्या होत्या.

१९०८ साली दमास्कसहून मदिनेपर्यंत रेल्वे पोहोचली आणि उंटांच्या काफिल्यांचे दिवस संपले. किल्ला मात्र अजून उभा आहे. तटाने पाणी राखता येते. पण वाट सुरक्षित राहते ती वाटेवरच्या माणसांशी सलोखा राखल्याने, हेच तो आपल्याला सांगतो.

शब्दार्थ
जंग्या – बंदुकीचा मारा करण्यासाठी तटात ठेवलेली भोके
खटाटोप – मोठी धडपड
थकणे – (येथे) द्यायची रक्कम बाकी राहणे
होरपळणे – (येथे) फार हाल होणे
सलोखा – मैत्रीचे संबंध

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अल कतराना किल्ला कोणत्या देशात आहे?
(आ) मोठ्या हौदात जाण्याआधी पाणी लहान हौदात का साठवत?
२. १७५७ साली यात्रेकरूंवर कोणते संकट आले? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. वाक्यात उपयोग करा : पहारेकरी, लूटमार, सलोखा.
४. तुमच्या परिसरातील जुन्या विहिरीची किंवा हौदाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.