लग्नाचा खर्च आणि लेकीचा वांटा

कीर्तनासाठीं आम्ही गांवोगांव फिरतों. लग्नसराई सरली कीं एक बोल हमखास कानीं पडतो: "ताईच्या लग्नापायी दोन एकर रान गहाण पडलं, आता तिला कसला वाटा?"

शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतींत अविवाहित बहिणीला भावांनीं आपल्या अंशांतून चौथा भाग द्यावा असें आहे. हा भाग लग्नखर्चापुरताच, असें कांहींचें मत होतें. सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनीं तें खोडलें आणि तो खरा वांटाच ठरविला. म्हणजे मांडव-जेवणावळींनीं बहिणीचा अंश फिटत नाहीं, हें जुनेंच आहे. आतां तर २००५ च्या कायद्यानें वडिलोपार्जित जमिनींत लेक जन्मतःच मुलाच्या बरोबरीची झाली.

बहिणीनें समजून-उमजून हक्कसोडपत्र दिलें, तर तो तिचा मोठेपणा. पण "सही कर, नाहीतर माहेर तुटेल" म्हणून घेतलेली सही दान नव्हे, ती लूट. म्हणून आधीं तिला सातबारा वाचून दाखवा, मग विचारा. आणि ती "नाही" म्हणाली तरी दिवाळीला तिला आणायला जा.

गळ्यांत माळ घालणाऱ्यानें तरी बहिणीच्या डोळ्यांतलें पाणी शेताला पाजूं नये.