क्ष शोधायच्या मागे लागू नकोस गं

‘क्ष + १/क्ष = ३, तर क्ष⁵ + १/क्ष⁵ = किती?’ हे वाचलं की तुझ्या पोटात गोळा येतो ना? पाचवा घात दिसला की हे आपल्याच्यानं व्हायचं नाही असं वाटतं. होईल गं. आधी घोटभर पाणी पी आणि कोरं पान घे. (पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, मी इथं क्ष लिहिते.)

खरं सांगू का, गडबड होते ती क्ष शोधायला गेल्यामुळे. क्ष येतो (३ ± √५)/२. आता याचा पाचवा घात करत बस म्हणजे रात्र सरली. प्रश्न नीट वाच बघ. क्ष कुणी विचारलाच नाहीये, बेरीज विचारलीय. मग बेरीजच हाताशी धर.

तिचा वर्ग कर. विस्तारसूत्रातलं मधलं पद काय, तर २ × क्ष × १/क्ष. संख्येला तिच्या गुणाकार व्यस्तानं गुणलं की १ येतो, म्हणून तिथं नुसते २ राहतात. ९ मधून २ गेले, क्ष² + १/क्ष² = ७. या प्रकारातलं प्रत्येक गणित या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथं घाई करू नकोस. स्वतःच्या हातानं दोनदा लिहून काढ.

पुढच्या घातांची वेगवेगळी सूत्रं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून पाठ करतेस ना? ते आधी बंद कर. आजच्या दह्याचं विरजण उद्याच्या दह्याला लागतं, तसं इथं हातातलं उत्तर पुढच्याला लागतं. शेवटच्या उत्तराला ३ नं गुण आणि त्याच्या आधीचं उत्तर वजा कर. ३, ७ झाले. मग २१ − ३ = १८, ५४ − ७ = ४७, १४१ − १८ = १२३. झाला की पाचवा घात! असं का होतं तेही बघ: (क्ष + १/क्ष) नं (क्ष³ + १/क्ष³) ला गुणलंस की चौथ्या घाताच्या बेरजेबरोबर दुसऱ्या घाताचीही बेरीज येते. ती वजा करायचीच.

विचारणारे हेच गणित वेष बदलून आणतात. दहावीत क्ष² − ३क्ष + १ = ० असं दिसलं, तर सगळ्याला क्ष नं भाग. क्ष शून्य नाही, कारण शून्य घातला तर १ = ० होईल. भागलंस की तीच आपली बेरीज ३. क्ष = २ + √३ दिलं, तर नववीतलं छेदाचं परिमेयीकरण आठव. व्यस्त येतो २ − √३, बेरीज ४, वर्गांची १४, घनांची ५२. आता १४ आणि ५२ यांची निम्मी कर, ७ आणि २६. ७² − ३ × ४² = १, आणि २६² − ३ × १५² = १. भास्कराचार्य बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात चक्रवाल रीतीनं अशाच जोड्या शोधत होते. मला हे फार आवडतं, म्हणून सांगितलं.

मध्ये वजाचं चिन्ह असेल तर मात्र सावध. क्ष − १/क्ष = ३ असेल तर ९ मध्ये २ मिळवायचे, ११. आणि बेरीज १ दिली असताना वर्गांची बेरीज −१ आली, तर घाबरून खोडू नकोस. वास्तव संख्येसाठी ही बेरीज −२ आणि २ यांच्या मध्ये कधीच पडत नाही, म्हणजे तिथला क्ष वास्तव नाही. उत्तर बरोबरच आहे.

वेळ मिळत नाही म्हणतेस, तेही कळतं. मोफत पासावर एसटीनं कोरेगावहून साताऱ्याला नाहीतर तासगावहून सांगलीला जायचं, परत येऊन घरचं बघायचं. पण याला तासभर लागत नाही. रोज एक गणित पुरे. साताऱ्याची अस की सांगलीची, दहावीची परीक्षा कोल्हापूर विभागीय मंडळाचीच, आणि बीजगणिताच्या ४० गुणांच्या पेपरात पायऱ्या लिहिल्याचेही गुण मिळतात. म्हणून उत्तर तोंडी आलं तरी पायरी गाळू नकोस.

आज झोपायच्या आधी बेरीज ५ घे आणि चौथ्या घातापर्यंत जा. ५२७ यायला हवेत.