सुट्टी कुणाच्या खात्यात?

चि. सानू हिस,


शनिवार-रविवार घरीच गेला, दोन कुंड्या भरल्या, थोडी गोधडी शिवली, बाकी काही झालं नाही, असं तू कळवलंस. त्यातल्या अपराधी सुराला माझी हरकत आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सातही दिवस राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये त्यांची संघटना उभारली आणि १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होतं. सोमवारी जास्त काम उपसता यावं म्हणून काही ती मागितली नव्हती. तुझ्या ऑफिसातली मंडळी सोमवारसाठी ताजंतवानं होण्याविषयी बोलतात, ते मला म्हणूनच पटत नाही. तसं पाहिलं तर रविवारही कंपनीच्याच खात्यात जमा होतो.

मग नुसतं पडून का राहू नये? राहावं की, दुपारी तर जरूर. पण दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याचं डोकं शिणतं, हात रिकामेच राहतात. शिवाय कामाचा वेग दुसराच कुणी ठरवतो. मेथी पेरली की चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी हाताशी येते. घाई करून ती लवकर येत नाही. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर, तेव्हा थंडी सरताना हात आखडता न घेता छाटावं लागतं. गोधडीत जुन्या सुती लुगड्यांचे थर अंथरून धावदोरा घालायचा. टाका वाकडा गेला की तिथल्या तिथे दिसतो आणि उसवताही येतो. चूक आपली, दुरुस्तीही आपली, मधे कुणाची मंजुरी नाही. आणि हात गुंतले की माणसं बोलतात. वयात आलेल्या मुलाला समोर बसवून ‘बोल’ म्हटलं तर तो मिटतो. गोधडीचं टोक ताणून धरायला दिलं, तर नजर चुकवायची गरजच उरत नाही आणि मनातलं हळूहळू बाहेर येतं.

बाजारात गोधडी स्वस्त मिळते, हा आक्षेप मी मनावर घेत नाही. दुसरा मात्र हलका नाही. शिवणटिपण बायकांच्या गळ्यात पडलेलं काम. फाटकी लुगडी साठवून गोधड्या शिवल्या जात त्या थंडी भागवायला. त्याला आता छंद म्हणणं ही त्या बायकांची थट्टा नव्हे का? मला वाटतं, जाच सुईचा नव्हता. नाही म्हणायची सोय नव्हती, त्याचा होता. सुई बाईच्याच हातची असती, तर गावोगावचे शिंपी पुरुष कसे असते? तेव्हा माझी एक अट आहे: घरातल्या पुरुषांनीही कुंड्या भराव्यात, टाके घालावेत, आणि स्वयंपाक-धुणंही वाटून घ्यावं. सगळं उरकून उरल्या वेळात तू एकटीच सुई धरणार असशील, तर गोधडी राहू दे, सरळ झोप काढ.

फोटो टाकायचा तर काम पुरं झाल्यावर टाक. अर्धवट कामाला प्रेक्षक मिळाले, की त्याचा वेग पुन्हा दुसऱ्यांच्या हाती जातो. आणि हो, आधी मोठे कच्चे टाके घालून घे, मग कडेने आत शिवत जा. नाहीतर थर सरकतात.

तुझी,
मावशी