ट्रॉलीच्या चाकातील मंद गळती

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंती महोत्सवाचा महाप्रसाद ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून वाटला जातो. अशा गर्दीत भरल्या ट्रॉलीचे चाक फुटल्यास अनर्थ ओढवेल. म्हणून रात्रभरात हवा उतरणाऱ्या चाकात नुसती हवा भरून भागवू नये.

प्रथम ट्रॉली रिकामी करावी. चाकात योग्य दाबाची हवा भरून साबणाचे पाणी आधी व्हॉल्व्हवर, मग रिमच्या कडेस व टायरवर लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती समजावी. व्हॉल्व्हची पिन सैल असल्यास घट्ट करावी, झिजली असल्यास बदलावी. बाभळीचा काटा रुतला असल्यास ट्यूबला ठिगळ लावावे. परंतु टायर आतून जाड फडक्याने पुसून काट्याचे टोक अवश्य काढावे. अन्यथा तोच काटा ट्यूबला पुन्हा टोचतो.