ग्रंथालयाच्या फळीवरील कोलामी : वर्धा-सेवाग्रामच्या संदर्भात

सार्वजनिक ग्रंथालयाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष सेवा द्यावी, असे युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. परंतु एखाद्या समाजाला ‘सामावून घेणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात अधिकच टोकदार होतो.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम मानले आणि सेवाग्रामात नयी तालीमचा प्रयोग उभा राहिला. त्याच दशकात मरे एमेनो हे भाषाशास्त्रज्ञ याच जिल्ह्यातील कोलामांची भाषा टिपून घेत होते. त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १९५० मध्ये सेतुमाधवराव पगडी यांचे आदिलाबादकडील कोलामीचे व्याकरण हैदराबादेत निघाले होते. पगडींना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांचे हे काम मात्र मराठीच्या अभ्यासकांच्या फारसे ध्यानात नसते.

दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. वर्ध्याच्या कोलामांची बोली एमेनोंच्या पानांवर उतरली ती रोमन लिप्यंतरात. तेथे कोलाम अभ्यासविषय आहे, वाचक नाही. ग्रंथालयात कोलामांविषयीचा संग्रह असणे आणि कोलामांसाठी ग्रंथालय असणे, या भिन्न गोष्टी होत. भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ (१९९०) फळीवर सहज येतो, याचे एक कारण तो मराठीत आहे. म्हणजे प्रवेशाची अट मराठीच!

प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, हा रंगनाथनांचा नियम (१९३१) ग्रंथ आधीच अस्तित्वात आहे, असे गृहीत धरतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखालील अनुदानव्यवस्थेतही अ, ब, क, ड हे वर्ग ठरविताना ग्रंथांची व नियतकालिकांची संख्या मोजली जाते. पोडावरील वृद्धेने सांगितलेली कथा या मोजणीत येत नाही.

म्हणून अशा कथेचे ध्वनिमुद्रण करून त्यास दाखल क्रमांक द्यावा आणि लेखकाच्या रकान्यात सांगणाऱ्याचे नाव लिहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुढे देवनागरीत लेखन करताना अडचण येईल ती स्वरांची. कोलामीत ऱ्हस्व व दीर्घ ए, ओ यांत भेद आहे. रूढ मराठी लेखन तो दाखवीत नाही. ऎ, ऒ ही चिन्हे उपलब्ध आहेत. ती भाषकांना सोयीची वाटतात काय, हे पोडावर वाचन करूनच ठरवावे लागेल.