एका क्वार्टरची खरी किंमत

"पोरगा पिऊन गाडी चालवतो. तोंडाला वास आला की गाडी सुरूच होणार नाही, असं काही यंत्र बसवून मिळतं का? आणि त्याला पडतात किती?"

परभणीत आता आईवडील हा प्रश्न विचारू लागले आहेत. कुणाचा भाचा अमेरिकेत असतो, त्याच्याकडून अशा यंत्राची गोष्ट कानावर आलेली असते. गोष्ट खरी आहे. तिकडे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाला की अनेक राज्यांत गाडीला असं यंत्र लावून घ्यावं लागतं. आधी नळीत फुंकायचं. श्वासात दारू आढळली तर इंजिन सुरू होत नाही. रस्त्यातही मधूनमधून पुन्हा फुंकावं लागतं आणि प्रत्येक फुंकरीची नोंद राहते. कॅलिफोर्नियाने याचा कायदा १९८६ मध्ये केला. पहिल्याच गुन्ह्याला सरसकट सक्ती केली ती न्यू मेक्सिकोने, २००५ मध्ये. खर्च गुन्हेगाराचा. बसवायला साधारण ७० ते १५० डॉलर आणि पुढे दरमहा भाडं ६० ते ९० डॉलर, म्हणजे महिन्याला पाच ते साडेसात हजार रुपये.

आपल्याकडे मात्र ही सोय नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये शिक्षा झालेल्या चालकाच्या गाडीला असं यंत्र लावण्याची तरतूदच नाही. इंजिनिअरिंगची मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी शे-दोनशे रुपयांचा एमक्यू-३ सेन्सर आणि रिले जोडून 'अल्कोहोल डिटेक्शन'चं मॉडेल करतात. ते शिकण्यासाठी ठीक आहे, खऱ्या गाडीला लावू नका. हा सेन्सर सॅनिटायझर आणि अत्तराच्या वाफेलाही दारू समजतो. शिवाय गाडीची वायरिंग तोडली की वॉरंटी धोक्यात येते. ऑनलाइन हजार-दोन हजारांपासून मिळणारी फुंकायची यंत्रं अंदाजापुरती असतात, पोलिसांसमोर त्यांच्या आकड्याला किंमत नाही.

तेव्हा यंत्राचा खर्च शून्य, कारण यंत्रच नाही. आपला कायदा कुलूप लावतो ते लायसन्सला. हे कुलूप किती महाग पडतं याचा हिशेब जिंतूर, सेलूपासून गंगाखेड, पालमपर्यंत गाडी हाकणाऱ्या प्रत्येकाने एकदा मांडून ठेवावा.

किती प्यायल्यावर गुन्हा होतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. हा आकडा कळायला अवघड, म्हणून आपण तो बाटलीच्या मापात आणू. विदेशी दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५ किलो वजनाच्या पुरुषाने ती रिचवली तर रक्तातलं प्रमाण जवळपास १३७ पर्यंत जातं. म्हणजे मर्यादेच्या साडेचारपट. नाइन्टी घेतली तर ६९ च्या आसपास. साठ मिलीचा एक पेग ४६ ला नेतो. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ९० च्या वर जाते, त्यामुळे 'मी फक्त बिअर घेतली' याला काही अर्थ उरत नाही. तीस मिलीचा एकच छोटा पेग मर्यादेच्या आत राहण्याची शक्यता असते, तीही धडधाकट माणसाची. वजन कमी असेल किंवा पोट रिकामं असेल तर आकडा वर जातो.

हे सगळे अंदाजी आकडे आहेत, दोन माणसांची शरीरं सारखी नसतात. पण त्यावरून एक गोष्ट नीट कळते आणि ती फार लोकांना ठाऊक नसते. शरीर रक्तातलं हे प्रमाण तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम एवढ्याच वेगाने उतरवतं. लिंबू-पाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, ओकारी, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. एका क्वार्टरचे १३७ मर्यादेच्या खाली यायला सात तास लागतात. लग्नात रात्री दहाला बसलात, एक क्वार्टर आणि वर एक स्ट्राँग बिअर घेतली, तर दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा वाजून गेले तरी तुम्ही कायद्याच्या भाषेत प्यायलेलेच असता. झोप झालेली असते, डोकं ठिकाणावर वाटतं, तोंड धुतलेलं असतं, आणि सकाळी सातला नवरीकडची मंडळी गाडीत भरून पाथरी-मानवतच्या हायवेने निघायचं असतं. या सकाळच्या गाडीची मला रात्रीच्या गाडीपेक्षा जास्त धास्ती वाटते. रात्री निदान कुणीतरी 'चावी दे' म्हणतं, सकाळी कुणीच म्हणत नाही.

गाडी म्हणजे मोटारसायकल, जीप, रिक्षा, टमटम आणि ट्रॅक्टरसुद्धा. कारखान्याला ऊस घेऊन निघालेला ट्रॅक्टरही कायद्याने मोटार वाहनच आहे. आणि 'चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना' असे कलमाचे शब्द आहेत, त्यामुळे गाडी जागची हलली नव्हती हा बचाव पुरत नाही.

पकडल्यावर त्या रात्री

गणवेशातला पोलीस १८५ मध्ये वॉरंटशिवाय अटक करू शकतो. गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन मिळणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणाला काही 'देण्याची' गरज नाही. फुंकण्याआधी यंत्राला नवी नळी लावायला सांगा आणि आकड्याची छापील चिठ्ठी पाहा. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल तर ते तेव्हाच सांगा. तोंडात राहिलेला अंश थोड्या वेळाने जातो, म्हणून पुन्हा तपासणी मागा. अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर सोडून द्यावं लागतं, असं कलम २०२ सांगतं. फुंकायला नकार देऊन कुणी सुटत नाही, तो नकारच पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो.

लायसन्स काढून घेतलं तर त्याची तात्पुरती पोच मागून घ्या, कायद्यानेच ती द्यावी लागते. गाडी पोलीस बाजूला लावतात. ती सोडवताना आरसी, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र लागतं. प्रकरण वाढलं तर कोर्टातून सुपुर्दनाम्यावर घ्यावी लागते. त्याच रात्री बाकीची कागदपत्रंही उघडी पडतात. विमा संपलेला असेल तर २,००० आणि लायसन्स नसेल तर ५,००० रुपये वेगळे. मोटारसायकलचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपयांचा आहे (२०२२ चे दर), तो न काढण्याचं कारण मला आजवर कळलेलं नाही.

एक ठळक सांगतो. १८५ हा जागेवर पावती फाडून मिटणारा गुन्हा नाही. तडजोडीने दंड घेऊन मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तो नाही, त्याला कोर्टातच जावं लागतं. रस्त्यावर कुणी 'इथंच मिटवू' म्हणाला तर तो दंड नव्हे, लाच आहे. देणाराही गुन्हेगार ठरतो.

कोर्टाचा आणि आरटीओचा खर्च

१ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. त्याआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० पर्यंत होता. जुना आकडा डोक्यात ठेवून बेफिकीर राहणारे अजून भेटतात. वकिलाची फी आणि तारखांचे बुडालेले दिवस याच्या वरचे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी परभणीच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

दंडाचे दहा हजार कसेही जमवता येतात. खरा मार बसतो तो लायसन्सवर. कलम २० नुसार १८५ मध्ये दोषी ठरवताना कोर्टाला लायसन्स अपात्र करावंच लागतं, आणि तेही किमान सहा महिन्यांसाठी. शिवाय पोलिसांनी लायसन्स परिवहन कार्यालयाकडे पाठवलं की तिथली कारवाई वेगळी चालते: पहिल्या वेळी तीन महिने अपात्र, दुसऱ्यांदा लायसन्सच रद्द. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, म्हणून एमएच-२२ च्या कार्यालयाची नोटीस आली तर ती कपाटात टाकू नका. मुदत संपली तरी लायसन्स आपोआप हातात येत नाही, मान्यताप्राप्त ठिकाणी चालकांचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

आता समजा, रिक्षावाल्याची दिवसाची हातात पडणारी कमाई ६०० रुपये आहे आणि महिन्याला तो २५ दिवस गाडी काढतो. सहा महिन्यांचे झाले ९०,०००. त्यात दंड मिळवला की लाख झाले, आणि रिक्षाचा हप्ता सहाही महिने चालूच. या काळात चोरून गाडी चालवली तर कलम १८२ चा नवा गुन्हा: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. आणि प्यायलेल्या ड्रायव्हरच्या हातात जाणूनबुजून चावी देणारा मालकही कलम १८८ खाली १८५ च्याच शिक्षेला पात्र आहे. गावात लग्नाचं वऱ्हाड नेणाऱ्या जीपवाल्यांनी हे कलम पाठ करून ठेवावं.

पोलीस भरतीची किंवा दुसऱ्या सरकारी नोकरीची तयारी करणारी पोरं आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पळताना दिसतात. त्यांना वेगळं सांगतो. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती भरावी लागते. चार वर्षांच्या मेहनतीपुढे हा अर्जातला एक रकाना फार जड पडतो.

अपघात झाला तर हिशेब एकरांत होतो

इथवरचे खर्च कमावून फेडता येतात. अपघाताचे येत नाहीत.

स्वतःच्या गाडीच्या मोडतोडीचे पैसे विमा कंपनी देत नाही, नशेत चालवल्यास भरपाई नाही अशी अट पॉलिसीतच असते. 'माझी रक्ततपासणी झालीच नव्हती' हा बचाव नेहमीच चालतो असंही नाही. दिल्लीत २००७ मध्ये इंडिया गेटजवळ आदळलेल्या एका पोर्शे गाडीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चालक नशेत होता हे इतर परिस्थितीवरूनही ठरवता येतं, असं न्यायालयाने म्हटलं. मालक-चालकाचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमाही नशेतल्या अपघाताला लागू होत नाही.

दुसऱ्याचा जीव गेला तर २०१९ च्या दुरुस्तीने कंपनीला नशेचा मुद्दा थेट बचाव म्हणून दिला आहे. अशा वेळी कंपनीने आधी वारसांना पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो. कमावता तरुण गेला असेल तर भरपाई लाखांत जाते आणि वसुली जमिनीपर्यंत येऊन पोचते. फौजदारी बाजू वेगळी. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परिस्थिती पाहून सदोष मनुष्यवधाचं कलमही लागतं. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ ला गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, ते प्रकरण सगळ्यांच्या लक्षात आहे.

शेतकरी घरांसाठी यातलं सर्वांत कठोर कलम वेगळंच आहे, आणि ते बहुतेकांना माणूस गेल्यावर कळतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण नशेच्या अमलाखाली झालेला अपघात या योजनेतून वगळला आहे. रात्री ढाब्यावरून निघालेला शेतकरी वाटेत गेला आणि अहवालात दारू आली, तर त्याच्या बायकोचा अर्ज नामंजूर होतो. प्यायला तो, आणि २ लाखांना मुकते ती.

मग करायचं काय

यंत्र नाही म्हणून आईवडिलांनी हात टेकायचं कारण नाही. घरातल्या गाडीची दुसरी चावी पोराकडे राहू देऊ नका. लग्नाला किंवा पार्टीला जाताना परत कोण गाडी चालवणार हे निघण्याआधी ठरवा, आणि त्या माणसाने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही. रात्रीचा रिक्षावाला दुप्पट मागेल, द्या. गाडी ढाब्यावर राहिली तर ओळखीच्या माणसाच्या नजरेखाली ठेवून दुपारनंतर आणा, सकाळी नको. ड्रायव्हर ठेवणाऱ्या जीप आणि ट्रॅक्टरमालकांनी सकाळी चावी देताना दोन मिनिटं समोर उभं राहून बोलावं.

आणि प्रश्न एका रात्रीचा नसून रोजचा असेल तर तो गाडीचा राहत नाही, आजाराचा होतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे, मराठवाड्यातूनही माणसं तिथे जातात. पोराचं लायसन्स शाबूत आहे तोवर हा फोन लावा.